इतर आवाज

नवीन माणूस सतरा एप्रिलला रुजू होणार असं पुण्याहून कळलं, त्या दिवशी मी ते पत्र तीनदा वाचलं आणि मग उगाचच सगळ्या केंद्राचा केर काढला. केर फारसा नव्हताच. चार खोल्यांच्या इमारतीत एक बाई राहते, ती किती केर करणार?

पत्राला एकेचाळीस कलमांची स्वागत-सूची जोडली होती. नव्या कर्मचाऱ्याचं स्वागत व्यवस्थापकाने कसं करावं, याची. टेबलावर नावाची पाटी हवी, ओळखपत्र तयार हवं, पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण सगळ्या सहकाऱ्यांनी एकत्र घ्यावं. सगळे सहकारी म्हणजे मी. चौदावं कलम असं होतं की नव्या माणसाला पहिले तीन महिने एक सोबती नेमून द्यावा, आणि हा सोबती व्यवस्थापकाहून वेगळा असावा. तिथे मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी ‘भैरीचा डोंगर’ असं लिहून टाकलं. पुण्याहून त्यावर काही शंका आली नाही. भरलेली सूची तिकडे कोण वाचतं ते त्यावरून कळलं.

रणदिवे साहेबांचा फोन मात्र आला. ते आमचे विभागप्रमुख. माणूस सज्जन, वाईट बातमी देण्याआधी तब्येतीची चौकशी करतात. या वेळी त्यांनी माझ्या गुडघ्यापासून रक्तदाबापर्यंत सगळं विचारलं, तेव्हाच मी खुर्चीत नीट सावरून बसले. ते म्हणाले की तांदळेबाई, दोन वर्षांत दोन माणसं तुमच्याकडून गेली, ही तिसरी. ही टिकली नाही तर पद रद्द होईल. एकट्या माणसावर केंद्र चालवायचं नाही असा आता नियम झालाय, त्यामुळे केंद्रही इथूनच, पुण्यातून चालवू. तुम्हाला इकडे घेऊ, काळजी नको. दोनशे माणसांचं ऑफिस आहे, करमेल तुम्हाला.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला पदाची काळजी नव्हती, केंद्राचीही फारशी नव्हती. मला माणूस हवं होतं. बावन्न वर्षांच्या बाईने हे साहेबांना फोनवर सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

कुसवडीच्या वर, घाटाच्या खांद्यावर आमचं भूश्रवण केंद्र आहे. नाव भारदस्त आहे, काम सोपं. डोंगर खचण्याआधी काय बोलतो ते ऐकायचं. दोन हजार सदतीस सालच्या दरडीत या खोऱ्यातली एक अख्खी वाडी गेली, त्यानंतर हे केंद्र झालं. त्याच्याही आधी कुठल्याशा योजनेत गावोगाव इंटरनेट न्यायला प्रकाशतंतूची केबल पुरली होती. पुढे इंटरनेट उपग्रहावरून यायला लागलं आणि केबल जमिनीत तशीच पडून राहिली. बेचाळीस किलोमीटर, घाटरस्त्याच्या कडेने, सात वाड्यांच्या गल्ल्यांतून, शेतांच्या बांधांवरून, हातभर खोल.

प्रकाशतंतू म्हणजे केसाएवढी काचेची तार. तिच्या एका टोकातून आम्ही लेझरचा बारीकसा ठोका सोडतो, सेकंदाला दोन हजार वेळा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात जागोजागी सूक्ष्म दोष राहतातच, आणि प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश मागे फिरतो. तो किती वेळाने परतला यावरून कुठल्या मीटरवरून आला ते कळतं. त्या मीटरवरची माती जरा जरी हलली तरी तार नखाच्या लाखाव्या भागाएवढी ताणली जाते आणि परतणाऱ्या लहरी किंचित मागेपुढे होतात. कपडे वाळत घालायच्या दोरीवर एका टोकाला चिमणी बसली की दुसऱ्या टोकाला धरलेल्या बोटाला जाणवतं, तसंच हे. फक्त आमच्या दोरीला चिमणी कितव्या मीटरवर बसली तेही सांगता येतं. बेचाळीस हजार मीटर म्हणजे बेचाळीस हजार कान. लोक म्हणतात भिंतीला कान असतात, इथे रस्त्याला आहेत.

या सगळ्या हालचालींचे संगणक दोन भाग करतो. एका भागात डोंगर, म्हणजे मुरणारं पाणी, सरकणारी माती, तडकणारा खडक. उरलेलं सगळं ‘इतर’. इतरमध्ये गाड्या येतात, गुरं येतात, पिठाची गिरणी येते आणि माणसांची पावलं येतात. कायद्याप्रमाणे इतर आवाज साठवायचा नाही, सात सेकंदांत तो आपोआप पुसला जातो. पण धोक्याचा भोंगा वाजवायचा तर नुसत्या यंत्राच्या शब्दावर नाही, माणसाने हेडफोन लावून स्वतः खात्री करायची, असाही कायदा आहे. त्यामुळे मी अकरा वर्षं ऐकते आहे. यंत्राच्या डोक्यातून सगळं पुसलं जातं, माझ्या डोक्यातून पुसायची तरतूद कोणी केलेली नाही.

पहिल्या वर्षी मी कामापुरतंच ऐकत होते. दुसऱ्या वर्षी आई गेली. लग्न मी केलं नाही, भाऊ कोल्हापूरला असतो, त्याचा फोन दिवाळीला येतो. तेव्हापासून डोंगर कमी आणि इतर जास्त ऐकायला लागले. संध्याकाळी सहाला हेडफोन लावला की सात वाड्या घरी परततात. कोण लंगडतं, कोणाचं बाळ चालायला लागलं, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, सगळं कळतं. माझा दिवस भरून जायचा. कोणाच्या घरी जायची गरजच उरली नव्हती, आणि हे वाईट आहे हे कळायला मला बराच काळ लागला.

ते कळलं या स्वागताच्या तयारीतच.

नव्या मुलीचं नाव किमया घोरबांड, वय चोवीस, गाव नांदेडकडचं. तिच्यासाठी गादी, शेगडी आणि रोजचं दूध ठरवायला मी जीप घेऊन कुसवडीत उतरले. खाली उतरायची माझी ही वर्षातली दुसरी का तिसरी वेळ. दुकानात तीन बाया उभ्या होत्या, एकीचाही चेहरा ओळखीचा वाटेना. मग त्यांतली एक पिशवी घेऊन चार पावलं चालली आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. या तर तानूबाई शेलार. धोका आला तर घरं कुठल्या क्रमाने रिकामी करायची याची यादी आमच्याकडे असते, त्यामुळे पाऊल कोणत्या घरात शिरलं यावरून नाव लागतं. नऊ वर्षं मी या बाईंना चालताना ऐकत होते.

मी पुढे होऊन म्हटलं, तानूबाई, गुडघा बरा झालेला दिसतोय. आणि सकाळचं देवळात जाणं का बंद केलंत हो, दिवाळीपासून?

तानूबाईंनी पदर सारखा केला. “तुमाला कुनी सांगितलं, बाई?”

मी खरं ते सांगितलं. जरा अभिमानानेच सांगितलं, काच, प्रकाश, बेचाळीस हजार मीटर, सगळं. मला वाटलं, कोणीतरी इतकी वर्षं आपली काळजी केली हे ऐकून त्यांना बरं वाटेल. दुकानदाराने मला सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. निघताना तानूबाई एवढंच म्हणाल्या की पुतण्याशी भांडण झालं होतं, त्याचं घर देवळाच्या वाटेवर आहे, आणि ही गोष्ट त्यांनी घरच्या सुनेलाही सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची पावलं माझ्या कानावर येईनाशी झाली. केबल नाही अशा लांबच्या वाटेने त्या जायला लागल्या असाव्यात. आठवडाभरात आणखी पाच-सहा घरांची पावलं गेली.

मग मी जे दोन वर्षं टाळत होते ते केलं. आधीच्या दोघांनी जाताना भरून दिलेले निरोपाचे कागद रणदिवे साहेबांकडून मागवून घेतले. ते व्यवस्थापकाला मागितल्यावर मिळतात. मी मागितले नव्हते, कारण त्यात काय असेल ते मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. जंगल, पाऊस, एकटेपणा.

पहिला निनाद. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते त्याने अगदी मोजून घेतले आणि दहाव्या दिवशी गेला. त्याने लिहिलं होतं: “मॅडम प्रेमळ आहेत. पण मला बरं नाही हे मी सांगायच्या आत खिचडी दारात असते. घरी फोनवर भांडण झालं की त्या दिवशी मला काम कमी मिळतं. त्यांना सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे मला सांगायला काही उरत नाही. इथे दोघं असूनही मी एकटाच राहतो आहे असं वाटतं.”

दुसरी परवीन, एकतीस दिवस राहिली. तिचा कागद जवळजवळ कोराच होता. एकच ओळ होती: “माझ्या खोलीत मी चप्पल काढून भिंतीच्या कडेने चालायचे.”

ती ओळ वाचून मला रडू आलं. निनादला ताप आलाय हे मला त्याच्या पाय ओढण्यावरून कळलं होतं आणि मी धावत जाऊन खिचडी टाकली होती, याला मी माया म्हणत होते. एखाद्याने येऊन “आज बरं वाटत नाहीये” असं म्हणावं, आपण “काय होतंय?” असं विचारावं, एवढ्या साध्या गोष्टीवर दोन माणसांचं नातं उभं राहतं. ती जागाच मी खाऊन टाकली होती.

सोळा तारखेला मी केबलच्या पहिल्या दोनशे चाळीस मीटरचं श्रवण बंद केलं. यात कर्मचाऱ्यांची खोली येते, ओटा येतो, अंगण येतं. यंत्राची डोंगरावरची नजर तशीच राहते, फक्त माणसाच्या कानाला तिथलं ऐकू येत नाही. पुन्हा उघडायचं तर माझाच पासवर्ड लागतो. स्वागत-सूचीत याला कलम नव्हतं. मी शेवटी बेचाळीस असा आकडा घालून एक रिकामी ओळ ओढली आणि तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

सतरा तारखेला सकाळची एसटी फाट्यावर थांबली तेव्हा मी हेडफोन लावून बसले होते. रस्ता मी बंद केला नव्हता, रस्ता कामाचा असतो. जीप घेऊन आणायला येते असं मी कळवलं होतं, पण तिने चालत येईन म्हणून उत्तर दिलं होतं. एक हलकं, भराभर पडणारं पाऊल आणि मागे चाकांच्या बॅगेची खरखर. भरलेली बॅग, चाकं दाबून चालत होती. दोन किलोमीटर ठीक आली. तिसऱ्या वळणावर थांबली. अकरा मिनिटं तिथेच उभी. मग पावलं उलटी फिरली, खाली निघाली. वीस मीटर, चाळीस, साठ.

जीपची किल्ली माझ्या हातात होती. आधीची मी असते तर सहज म्हणून खाली गेले असते आणि काहीच माहीत नसल्यासारखं तिला गाडीत घालून आणलं असतं. दुधाने तोंड पोळलेलं, मी बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. पावलं थांबली, आणि मग हळूहळू वर यायला लागली.

दारात आली तेव्हा चेहरा घामाने भिजला होता आणि डोळे धुतलेले होते. मी विचारलं, “वाटेत त्रास नाही ना झाला?”

“नाही मॅडम. मस्त आले,” ती म्हणाली.

मी तिला पाणी दिलं. सगळ्या सहकाऱ्यांनी मिळून दुपारचं जेवण घेतलं. मी भरली वांगी केली होती, तिने दोनदा घेतली.

कामात ती चांगली निघाली. पहिल्या आठवड्यात मी तिला डोळे मिटून बसवायचे आणि नुसता डोंगर ऐकवायचे. झाडाची मुळं वाऱ्याने हलतात तो आवाज आणि मातीत पाणी मुरतं तो आवाज यांत फरक करायला मला वर्ष लागलं होतं. तिला बारा दिवस लागले. बाराव्या दिवशी ती म्हणाली, मॅडम, एकोणिसाव्या किलोमीटरवर कुणीतरी पाट फोडलाय, हे मुरणं पावसाचं नाही. खाली फोन केला, खरंच फोडला होता.

पण सहा वाजले की ती खोलीत जायची आणि दार लागायचं. त्या दाराच्या पलीकडे काय आहे ते मला कळत नव्हतं. जेवली का, रडली का, घरी बोलली का, झोप लागते का. वाड्यांची पावलं ऐकायचीही मला आता लाज वाटायला लागली होती, त्यामुळे सहानंतर मी नुसती बसून असायचे. आधी निदान पावलं तरी होती. आता पावलंही नव्हती आणि गप्पाही नव्हत्या. मुलगी अदबीने वागायची, मॅडम म्हणायची, विचारलं तेवढं सांगायची. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा रडायला एक कारण तरी होतं.

चोविसाव्या दिवशी रणदिवे साहेबांचा फोन आला. या वेळी तब्येतीची चौकशी फारच लांबली. मग म्हणाले की घोरबांडबाईंची हैदराबादच्या एका कंपनीत निवड झालीय, त्यांच्याकडून इथे चौकशीचं पत्र आलंय, तुम्हाला काही बोलल्या का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बोलतील, आणि उगाचच खोकले.

ती बोलली नाही. चहाला समोर बसली, बिस्किट बुडवून खाल्लं, आणि एकोणिसाव्या किलोमीटरबद्दलच बोलत राहिली. मी तिच्याकडे बघत होते. विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं. पण विचारणं मला येतच नव्हतं. अकरा वर्षांत मी कोणाला काही विचारलं नव्हतं.

सव्विसावा दिवस रविवार होता. तिला सुट्टी, तिचं दार बंद. सकाळी साडेनऊला मी पासवर्ड टाकला आणि दोनशे चाळीस मीटर उघडले.

पहिल्यांदा काहीच नव्हतं. मग पावलं. खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून परत खोलीत. आणि मग ती खरखर, बॅगेची चाकं. ओट्यापर्यंत आली, थांबली. मी हेडफोन काढला. जे कळायचं ते कळलं होतं.

रडारड करायची नाही असं मी ठरवलं. जाणाऱ्या माणसाला नीट निरोप द्यावा, निदान एवढं तरी आपल्याकडून चांगलं व्हावं. मी कार्यमुक्तीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला, तिचं नाव घातलं, तारीख घातली. दहा मिनिटांनी ती दारात आली. केस विंचरलेले, चेहऱ्यावर जरा संकोच. म्हणाली, “मॅडम, मला एक सांगायचं होतं.”

“बस,” मी म्हटलं. “आणि अवघडून जाऊ नकोस. हैदराबाद चांगलं आहे. मी अजिबात रागावणार नाही. फाट्यापर्यंत जीपने सोडते, ती जड बॅग घेऊन चालत जायचं नाही.”

ती बसली नाही. तिने टेबलावरचा कागद पाहिला, आपलं नाव वाचलं. मग माझ्यासमोरच्या पडद्याकडे पाहिलं. त्यावर पहिले दोनशे चाळीस मीटर हिरवे, म्हणजे उघडे, दिसत होते.

“बॅग रिकामी आहे,” ती म्हणाली.

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“हैदराबादला मी परवाच नाही म्हणून कळवलंय. तेच सांगायला आले होते, की मी इथंच राहायलेय. धाकट्या बहिणीला होस्टेलला जायचंय, तिला बॅग नाही. भाऊ चिपळूणला हळद उतरवून टेम्पो घेऊन घरी परत चाललाय, अकरा वाजता फाट्यावर थांबणार आहे, त्याच्याजवळ देणार होते. मला आता लागणार नव्हती.”

रिकामी बॅग जास्त खडखडते. भरलेली दाबून चालते, रिकामी दगडागणिक उडते. अकरा वर्षं हेच ऐकणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं. मला भीती वाटत होती, आणि मी भीतीच ऐकली.

“तुम्ही रोज ऐकायलाव का?” तिने विचारलं.

“नाही. आजच. तू यायच्या आदल्या दिवशी बंद केलं होतं. आज उघडलं.”

“मला वाटलंच होतं बंद असेल.” तिने नजर पडद्यावरून काढली नाही. “मॅडम, मी केंद्राची सगळी पुस्तिका वाचून आले होते. रस्त्यावर केबल आहे हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी मी वळणावरून परत फिरले, ते तुम्ही ऐकलंच असणार. तरी तुम्ही विचारलं नाही. मी खोटं बोलले तर पाणी दिलंत. त्याच दिवशी मला वाटलं, इथं राहता येईल.”

कधी कधी माणसाला आपण काय घालवलं ते अगदी नेमकं दिसतं. मला ते तेव्हा दिसलं. चूक झाली, माफ कर, पुन्हा होणार नाही, असं सगळं तोंडाशी आलं, पण ते अर्जात लिहितात तसलं वाटायला लागलं. मी कागद उचलला, चुरगळला, आणि जे रणदिवे साहेबांना सांगितलं नव्हतं, भावालाही सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं.

“मला फार एकटं वाटतं गं. अकरा वर्षं मी लोकांचे पाय ऐकत बसलेय आणि माझ्याकडे एकही माणूस येत नाही. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. केंद्र बंद पडेल म्हणून नाही. संध्याकाळी सहानंतर मला या खोलीत बसवत नाही, म्हणून.”



“हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

मग तिने घड्याळ पाहिलं. भाऊ थांबायचा नाही, निघायला हवं, असं म्हणाली. मी विचारलं, परत येशील? ती म्हणाली, खरं सांगू का मॅडम, आत्ता मलाच माहीत नाही. आणि ती गेली. बॅग अंगणातून खडखडत गेली, आणि मला ते साध्या कानांनी, सगळ्यांना येतं तसं ऐकू आलं. फाटकापलीकडे गेल्यावर तेही थांबलं.

मी आत जाऊन पहिले दोनशे चाळीस मीटर बंद केले. मग फाट्यापर्यंतच्या रस्त्याचं श्रवणही बंद केलं. रविवारी दुपारी त्या रस्त्याला कामाचं काही नव्हतं, आणि असतं तरी डोंगर यंत्राने ऐकलाच असता. हेडफोन खुंटीला लावला आणि बाहेर पायरीवर येऊन बसले.

फाट्यापर्यंत चार किलोमीटर. उतरायला पाऊण तास, चढायला सव्वा. अकराला ती पोहोचली असेल की नाही ते मला माहीत नव्हतं. भावाने तिला काय सांगितलं असेल ते माहीत नव्हतं. टेम्पोत चालकाशेजारी जागा असते, एवढं माहीत होतं. ऊन पायरीवर आलं, मी एक पायरी वर सरकले. साडेबारा झाले. भूक लागली होती पण उठवेना. एक वाजला. मनाशी म्हटलं, दीडपर्यंत बघायचं, आणि दीड वाजल्यावर म्हटलं, दोनपर्यंत.

फाटकाची कडी वाजली तेव्हा मी मान वर करायला घाबरले. चाकांचा आवाज नव्हता. ती रिकाम्या हातांनी अंगण ओलांडून आली, चेहरा उन्हाने लाल. माझ्या दोन पायऱ्या खाली, माझ्याकडे पाठ करून बसली. राग गेलेला नव्हता, पाठीवरून समजत होतं. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तळपाय चोळत बसली.

“भाऊ म्हणाला, बस गाडीत, आईला भेटून ये,” ती म्हणाली. “मी बसलेही होते. त्याने गाडी सुरू केली. मग त्याला म्हटलं, जरा थांब.”

ती पुन्हा तळपाय चोळायला लागली. पुढे काय झालं ते मला खरोखर माहीत नव्हतं.

“मग?” मी विचारलं.